रात्र वाटून घेतली तरच निभते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात तान्हं बाळ आलं की भेटायला येणारं प्रत्येक माणूस आईला एक वाक्य ऐकवून जातं, ‘बाळ झोपलं की तूही झोपून घे गं.’ सांगणाऱ्याची माया खरी असते. पण हा सल्ला अपुरा आहे आणि केवळ त्याच्या भरवशावर राहिलेली आई महिना-दीड महिन्यात पार थकून जाते. बाळंतिणी आणि तान्ही बाळं यांच्या देखभालीचं काम आम्ही रोज करतो. त्या कामातून जे पक्कं ठाऊक आहे ते वाचकांपुढे, त्यातही बाळाचे बाबा आणि आजी-आजोबा यांच्यापुढे ठेवावं म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे, पण या विषयात मोघम सांगून भागत नाही.

नवजात बाळ २४ तासांत १४ ते १७ तास झोपतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण ही झोप दिवसरात्र विखुरलेली असते, कारण दिवस कुठला आणि रात्र कुठली हे सांगणारं शरीरातलं घड्याळ जन्मतः चालू झालेलं नसतं. अंधार पडला की झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक बाळाचं शरीर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास स्वतः बनवू लागतं. त्यातच पोट इवलंसं आणि आईचं दूध पचायला हलकं, त्यामुळे २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. एकेका वेळेला दूध, ढेकर, लंगोट बदलणं आणि पुन्हा निजवणं धरून पाऊण ते एक तास जातो. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आई तीनदा-चारदा उठत असेल तर आठ तास अंथरुणात असूनही तिची सलग झोप दीड-दोन तासांपलीकडे जात नाही.

आणि तुकड्यांची बेरीज करून झोप पुरी होत नाही, हे घरात कोणी लक्षात घेत नाही. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं. ते मध्येच तुटलं की शरीर पुन्हा हलक्या झोपेपासून सुरुवात करतं. म्हणून दीड-दीड तासाचे चार तुकडे म्हणजे सलग सहा तास नव्हेत. आमचं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती आहे: आई आणि बाबा या दोघांनाही दर २४ तासांत एकदा, किमान ४ तास आणि जमलं तर ५ तास, कोणीही न उठवता सलग झोपायला मिळालं पाहिजे. बाकीची झोप तुकड्यांत झाली तरी माणूस तग धरतो. हे चार तास कुठून काढायचे, त्याची तजवीज बाळ घरी येण्याआधी, सातव्या-आठव्या महिन्यात बसून ठरवायला हवी. बाळंतविडा शिवून तयार असतो, पाळणा रंगवलेला असतो, पण रात्री कोण उठणार हे ठरलेलं नसतं.

घरात दोन मोठी माणसं असतील तर रात्रीच्या दोन पाळ्या करा. पहिली रात्री ९ ते २, दुसरी २ ते ७. आईनं आठला जेवायचं, नऊच्या आधी बाळाला पोटभर पाजायचं आणि झोपायला निघून जायचं. साडेअकरा-बाराच्या सुमारास बाळ उठेल तेव्हा बाबांनी काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायचं. महिन्याभराच्या बाळाला एका वेळेला साधारण ६० ते ९० मिलिलिटर पुरतं. दोनला आई उठते आणि बाबा झोपायला जातात. दोघांनाही पाच तास मिळतात.

मात्र ही पद्धत पहिल्या तीन-चार आठवड्यांत वापरू नये. तेव्हा दूध नीट उतरण्यासाठी बाळानं थेट अंगावर ओढणं गरजेचं असतं आणि दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवतं. त्या काळात बाबांनी उठायचं, लंगोट बदलायचा, बाळ आईच्या कुशीत आणून द्यायचं. आईनं फक्त पाजायचं. मग बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, निजवणं हे पुन्हा बाबांचं. यात आईचं जागरण दर वेळेला तासाभरावरून वीस-पंचवीस मिनिटांवर येतं. रात्रीत तीनदा धरा, पावणेदोन-दोन तास वाचले.

दूध काढून ठेवायला सकाळची वेळ बरी, पहिल्या पाजण्यानंतर अर्ध्या तासानं. तेव्हा पान्हा भरपूर असतो. झाकणाची स्टीलची वाटी उकळत्या पाण्यात निर्जंतुक करून घ्या. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं, पण आपल्याकडे मार्च ते जून स्वयंपाकघर तीस-पस्तिसाच्या खाली येत नाही, तेव्हा ते सरळ फ्रिजमध्ये ठेवा. दारात नको, मागच्या बाजूला. तिथं ४ दिवस चालतं. वर साय वेगळी दिसते म्हणून दूध नासलं असं समजून पुष्कळ जणी ते ओतून देतात. हलक्या हातानं गोल फिरवलं की ते मिसळतं. कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करा. गॅसवर उकळू नका आणि मायक्रोवेव्हमध्ये तर ठेवूच नका, कारण वरून कोमट लागणाऱ्या दुधात मध्येच एखादा घोट तोंड भाजेल इतका गरम राहतो. बाळानं अर्धं पिऊन उरलेलं दूध दोन तासांनंतर वापरायचं नाही. आणि आई एकदम पाच तास झोपायला लागली की सुरुवातीला छाती गच्च भरून दुखते, गाठी येतात. म्हणून आधी साडेतीन तास, मग चार, असं आठवडाभरात वाढवत न्यावं. दाटून आलंच तर बरं वाटेपुरतं थोडं हातानं काढून पुन्हा झोपावं.

वरचं दूध चालू असेल तर पेंगुळल्या डोळ्यांनी चमचे मोजताना हमखास गफलत होते. बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा हे प्रमाण असतं. आपल्या डब्यावर काय लिहिलंय ते एकदा दिवसा नीट वाचून घ्या. पाणी आधी मोजायचं, पावडर नंतर. दूध दाट झालं तर बाळाच्या शरीरातलं पाणी कमी पडतं, पातळ झालं तर वजन भरत नाही. रात्रीसाठी पावडरीचे मोजलेले भाग कोरड्या डब्यांत संध्याकाळीच भरून ठेवावेत.

पाळ्या ठरवूनही त्या का फसतात? झोपलेल्या आईचा कान जागाच असतो म्हणून. बाळ जरा कुरकुरलं की ती आतून ओरडून विचारते, ‘काय झालं?’ आणि बाबा दर वेळेला तिला उठवून विचारतात, ‘भूक लागली असेल का गं?’ ताबा द्यायचा तर पुरता द्यायला हवा. दुसरी खोली असेल तर आईनं तिथं, दार लावून, पंखा मोठा करून झोपावं. एकाच खोलीचं घर असेल तर बाबांनी बाळाला खांद्यावर घेऊन दारात, ओट्यावर, चाळीच्या गॅलरीत फिरवावं आणि आईनं भिंतीकडे तोंड करून कानात कापसाचे बोळे घालावेत. बाबांना पहिला आठवडाभर जमणार नाही, बाळ जास्त रडेल. मग जमतं. ‘मला सकाळी कामावर जायचंय’ या सबबीला आमचं उत्तर इतकंच, की दिवसभर एकटीनं तान्हं बाळ सांभाळणं हेही कामच आहे, आणि त्यात डुलकी लागली तर धोका बाळाला आहे.

आता रात्रीचं एक पाजणं जवळून पाहू, कारण वेळ तिथंच वाया जातो. तान्ह्या बाळाची निम्मी झोप चुळबुळीची असते. त्यात ते कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, पाय झाडतं, डोळे मिटलेले असतानाच एखादी किंकाळीही मारतं. याला जाग आली समजून लगेच उचललं की आपणच त्याला उठवतो. अर्धा-एक मिनिट थांबा, छातीवर हलका तळवा ठेवा. पुष्कळदा पुन्हा शांत होतं. पण मूठ तोंडाकडे नेत असेल, ओठ चोखत असेल, मान वळवून छाती शोधत असेल तर ती भूक आहे आणि मग हंबरडा फुटेपर्यंत थांबू नये. रडून लाल झालेलं बाळ पाजायला आणि निजवायला दुप्पट वेळ लागतो. ट्यूबलाइट लावू नका, पिवळा किंवा लाल झिरोचा बल्ब पुरे. मोबाइल हातात घेऊ नका. त्याच्या प्रकाशानं आईचीच झोप उडते. एका बाजूला पाजून झालं की मध्येच लंगोट बदला. पिताना शी होण्याची शक्यता जास्त असते, आणि बदलताना जरा जाग येऊन बाळ दुसऱ्या बाजूला पोटभर पितं. पाजून निजवल्यावर लंगोट बदलायला घेतला तर सगळं मुसळ केरात. नुसती शू झाली असेल, लंगोट चांगला शोषणारा असेल आणि पुरळ नसेल तर मध्यरात्री बदलायची गरजच नाही. ढेकरासाठी पाच-दहा मिनिटं पुरेत. खाली ठेवताना आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. आणि हात लगेच काढून घेऊ नका. चार लंगोट, दोन दुपटी, पुसायचं फडकं, आईसाठी पाण्याची बाटली आणि एखादा डिंकाचा लाडू, एवढं एका टोपलीत संध्याकाळीच उशाशी तयार असावं. पहाटे तीनला भूक लागलेली बाळंतीण स्वयंपाकघरात डबे शोधत बसली तर पुन्हा झोप लागायला तास जातो.

पहिल्या दोन आठवड्यांत, जन्माचं वजन परत भरून येईपर्यंत, बाळ स्वतःहून उठलं नाही तरी तीन तासांनी उठवून पाजावं लागतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन रोज २० ते ३० ग्रॅमनं वाढत असेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री उठवणं थांबवता येतं. कितीतरी घरांत बाळ छान बाळसं धरत असतानाही सहा-सहा आठवडे रात्री गजर लावून उठतात. त्या जागरणाची गरज नसते.

आपल्या पद्धतीत एक वेळ अशी आहे की जी आईच्या झोपेसाठी सोन्यासारखी आहे आणि तीच आपण घालवतो. सकाळी न्हाऊ घालणाऱ्या मावशी येतात, बाळाला तेल लावून, कडत पाण्यानं न्हाऊ घालतात, दुपट्यात गुंडाळतात आणि बाळ दिवसातली सगळ्यांत लांब झोप काढतं, दोन-तीन तासांची. बाळंतिणीचंही मालिश आणि न्हाणं झालेलं असतं, अंग सैल पडलेलं असतं. नेमक्या त्याच वेळी बाळ बघायला शेजारच्या काकू येतात, जेवणाचं ताट पुढ्यात येतं, नातेवाइकांना व्हिडिओ कॉल लागतो. आजींना आमची हात जोडून विनंती आहे की ११ ते १ दार तुम्ही सांभाळा. पाहुण्यांना संध्याकाळी पाचनंतर बोलवा. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवा. त्यानंतर दिवसा मात्र तीन तासांपेक्षा जास्त न पाजता झोपू देऊ नका, पडदे उघडे ठेवा, कुकरची शिट्टी होऊ द्या, सकाळच्या कोवळ्या उजेडात बाळाला घेऊन बसा. दिवसा पोट भरत राहिलं आणि उजेड डोळ्यांवर पडत राहिला की रात्र-दिवस उलटे झालेलं बाळ हळूहळू सुलटं होतं.

माहेरच्या बाळंतपणाचा एक तोटाही सांगायला हवा. सव्वा महिना, कधी तीन महिने, रात्री आईची आई उठते. बाबा दुसऱ्या गावी, रविवारी येऊन बाळ पाहून जातात. मग आई-बाळ पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये परततात ते नेमके तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा बाळाच्या झोपेची घडण बदलत असते. आता ते दर आवर्तनाच्या शेवटी थोडंसं जागं होतं, आणि झोप लागली तेव्हा जे होतं, मांडी, झोके, छाती, ते जागेवर नसेल तर रडून मागतं. त्यामुळे तीन तास झोपणारं बाळ अचानक तासातासाला उठतं, आणि बाबांना तर रात्रीचा काहीच सराव नसतो. म्हणून बाबांनी माहेरच्या मुक्कामातही आठवड्यातल्या दोन रात्री तरी पूर्ण आपल्याकडे घ्याव्यात. आणि तिसऱ्या महिन्यापासून दिवसातून एकदा तरी बाळ पुरतं झोपण्याआधी, डोळे जड झालेले असतानाच अंथरुणावर ठेवून, थोपटत निजवण्याचा सराव करावा. पहिले काही दिवस रडेल, उचलून शांत करा, पुन्हा ठेवा.

संध्याकाळची किरकिर सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. दूध कमी पडतंय असा अर्थ त्यातून काढू नये. वजन आणि शू यांवरून ठरवावं.

बाळाला झोपवण्याच्या काही सवयींबद्दल मात्र आम्हाला खरोखर काळजी वाटते. सहाणेवर उगाळलेलं जायफळ झोपेसाठी चाटवतात. किती वेढे दिले, जायफळ केवढं होतं, याचं माप कोणाकडेच नसतं. थोडं जास्त झालं की बाळ गुंगीत जातं, दूध ओढत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटी नको, पाणी नको, झोप लांबावी म्हणून खिमटही नको. मध वर्षाच्या आत कधीच नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि सर्दीचं औषध दिलं की बाळ शांत झोपतं, हे कानोकानी पसरलेलं ज्ञान फार घातक आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला आहे. घरात जुनी बाटली पडली असेल तर आजच टाकून द्या.

झोळीत बाळाची पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते आणि बारीक श्वासनलिका दाबली जाते. मोठ्या भावंडांनी झोके घेताना दोरीचा फास बसतो तो वेगळाच. झोळी वापरायचीच असेल तर जागं माणूस समोर असतानाच, आणि झोप लागली की सपाट अंथरुणावर. बाळ नेहमी उताणं, घट्ट आणि सपाट गादीवर, उशीशिवाय. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी, बाजूला लोड, अंगावर गोधडी, झोपताना टोपरं, यांतलं काही नको. दुपट्यात गुंडाळताना छातीवर सैलसर आणि पाय बेडकासारखे मुडपता येतील इतकी जागा ठेवा. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा निसटू शकतो. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी, धुरी यांचा हट्ट सोडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाळंतीण सुस्तावते, डोकं धरतं आणि घरचे म्हणतात, दमली आहे, झोपू द्या.

बाळ आईशेजारी झोपण्याची आपली रीत आहे आणि सगळ्यांनी पाळणा वेगळा करावा असं म्हणणं सोपं, निभावणं अवघड. सगळ्यांत सुरक्षित म्हणजे पहिले सहा महिने त्याच खोलीत पण वेगळ्या सपाट अंथरुणावर. पण पाजता पाजता डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यावर किंवा खुर्चीत कधीही पाजू नका. बाळ कडेच्या फटीत घसरून गुदमरण्याचा धोका तिथं सर्वांत जास्त. त्यापेक्षा जमिनीवरची घट्ट गादी, भिंतीपासून दूर, आई कुशीवर, बाळ छातीच्या पातळीला, जवळ उशी-पांघरूण नाही. बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, घरात आई-बाबांपैकी कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल, दारू प्यायलं असेल किंवा झोप आणणारी गोळी घेतली असेल, तर एकाच अंथरुणावर मुळीच झोपू नये.

जागरणाचा धोका घराबाहेरही असतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारख्या मंदावतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. ताशी ४० किलोमीटरनं जाणाऱ्या दुचाकीवर तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी ३३ मीटर बेभान जाते. रात्रभर जागलेल्या बाबांनी त्या दिवशी बस, लोकल, शेअर रिक्षा, काहीही पकडावं, स्वतः चालवू नये. अगदीच चालवायची वेळ आली तर निघण्याआधी कपभर चहा पिऊन लगेच २० मिनिटं डोळे मिटावेत; चहाचा परिणाम सुरू होईतो झोप होते. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर उठल्यावर बराच वेळ डोकं जड राहतं. अंगावर पाजणाऱ्या आईनं चहा दिवसाला दोन-तीन कपांत ठेवावा आणि दुपारी तीननंतर घेऊ नये, कारण नवजात बाळाच्या शरीरातून कॅफिन बाहेर पडायला काही दिवस लागतात.

दुसरी चूक औषधाची. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशीनंतर बाळ तापतं, घर रात्रभर जागं असतं आणि अर्धवट झोपेत कोणीतरी पॅरासिटामॉलची बाटली उघडतं. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या नेहमीच्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये साधारण १२५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळासाठी डॉक्टरांनी ७५ मिलिग्रॅम लिहून दिलं तर थेंबांचं औषध पाऊण मिलिलिटर आणि सिरप ३ मिलिलिटर. थेंबांच्या बाटलीतून ३ मिलिलिटर दिलं की चौपट झालं. म्हणून घरात एकाच प्रकारची बाटली ठेवा, किती मिलिलिटर ते डॉक्टरांकडून बाटलीवर लिहून घ्या आणि दिल्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपा, म्हणजे पाळी बदलताना दुसऱ्याकडून पुन्हा दिलं जाणार नाही. लशीच्या कारणाशिवाय तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर घरी औषध न देता थेट दवाखाना गाठा.

बाळ थांबतच नाही, हात शिवशिवायला लागले, संताप अनावर झाला, तर त्याला उताणं ठेवून खोलीबाहेर जा, पाच-दहा मिनिटं. रडण्यानं बाळाला इजा होत नाही. हिसका देऊन हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होतो.

आईचा थकवा नुसता जागरणाचा आहे असं धरून चालू नये. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यायची असते, ती चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. धाप लागणं, केस फार गळणं, छाती धडधडणं असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. रडू येणं पहिल्या दोन आठवड्यांत स्वाभाविक. त्यापुढे टिकलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, नको ते विचार येऊ लागले तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही, मराठीतून बोलता येतं. आणि बाळंतीण दोन-तीन दिवस जवळजवळ झोपलीच नाही, तरी अंगात उसनं बळ आल्यासारखी भराभर बोलते, संशय घेते, असंबद्ध वागते, तर त्याच रात्री रुग्णालयात न्या. बाहेरचं काही लागलंय म्हणून वेळ घालवू नका.

पाळ्यांचा हा हिशेब सगळ्यांनाच करता येत नाही याची आम्हाला जाणीव आहे. बीडकडून ऊसतोडीला निघालेली जोडपी पहाटे दोघंही फडात असतात आणि कोपीतल्या, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीतल्या झोळीवर लक्ष ठेवायला सात-आठ वर्षांची बहीण. तिथं फडाजवळ दिवसाचं पाळणाघर आणि ओल्या बाळंतिणीला पहाटेच्या कामातून सूट, हे कारखान्यांनी आणि शासनानं मिळून करायला हवं. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर बंधनकारक झालं. पण बाबांचं काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीतल्या बाबांसाठी कायद्यानं एक दिवसही नाही. तोवर मालकांनी निदान एवढं करावं की बाळ सहा महिन्यांचं होईतो त्याच्या बाबांना डबल ड्युटी आणि रात्रीचं वाहन चालवण्याचं काम देऊ नये.

आणि एक गोष्ट तर बिनखर्चाची आहे. आशाताई प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, बाळाचं वजन करतात, ताप पाहतात, पाजण्याबद्दल विचारतात. त्यांच्या तपासणीत दोन प्रश्न वाढवावेत, अशी आमची आरोग्य विभागाकडे आपल्या वृत्तपत्रामार्फत मागणी आहे. पहिला, ‘ताई, कालच्या दिवस-रात्रीत सलग किती तास झोपलात?’ हा प्रश्न घरातल्या सगळ्यांसमोर विचारावा, म्हणजे उत्तर सगळ्यांना ऐकू जाईल. दुसरा तिला एकटीला गाठून विचारावा, ‘बाळ शांत झोपलेलं असतं तेव्हा तरी तुम्हाला झोप लागते का?’ याचं उत्तर सलग दोन भेटींत ‘नाही’ आलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे तिला त्याच आठवड्यात पाठवलं जावं.

कळावे,
आपल्या विश्वासू,
बाळंतीण व नवजात शिशू देखभालीत काम करणाऱ्या परिचारिका आणि स्तनपान समुपदेशक, पुणे